जोह्याचं एफिसस

(जोहे गावातला गणपतींचा कारखाना, सकाळची वेळ. मूर्तिकार महिपती, शाळेच्या स्पर्धेसाठी करायला दिलेली, तुर्कस्तानातल्या एफिसस या प्राचीन शहराची प्रतिकृती न्यायला रोह्याहून आलेली वैशाली, तिची सातवीतली मुलगी किमया.)

वैशाली : काका, एफिससच्या फोटोत या ग्रंथालयाला छप्पर होतं?

महिपती : नव्हतं. म्हणून तर घातलं.

वैशाली : आणि हे खांब?

महिपती : निम्मे मोडलेले. सगळे उभे केले. वर सोनेरी पट्टी मारली, ती आपली प्रेमाची.

वैशाली : फारच प्रेम. ग्रीकांनी वसवलेलं, रोमनांनी सजवलेलं आणि नंतर पडलेलं शहर हवं होतं. अवशेष. तुम्ही नवी कॉलनीच बांधून दिलीत. 'बुकिंग चालू' अशी पाटी तेवढी लावा.

महिपती : या कारखान्यातनं खंडित वस्तू भायेर जात नाय, ताय. सोंडेला चीर गेली तरी मूर्ती परत मातीत.

वैशाली : हा गणपती नाही.

महिपती : हातांना काय ठावं? ह्या पुतळ्यातल्या बाईला तर मुंडकंच नव्हतं. दिलं. डोळ्यांची आखणी बघ.

वैशाली : बघतेय. रोमन बाई हळदीकुंकवाला निघालीय.

महिपती : पोरीला इचार की, आवडलं का.

वैशाली : तिला नका विचारू. गेल्या वर्षी स्टेजवर चार मिनिटं नुसती उभी राहिली. तेव्हापासून परक्या माणसासमोर तोंड उघडत नाही. आज अकराला पेणला स्पर्धा. महिनाभर मी घोकून घेतलंय, मोडक्या खांबावर बोट, मग एक वाक्य. आता बोट कुठे ठेवणार, तुमच्या सोनेरी पट्टीवर? हातोडी द्या. मीच पाडते.

महिपती : घे. पण शहर पाडलं कुणी म्हणून सांगणार? रोह्याच्या वैशालीताईनं?

वैशाली : भूकंपांनी. शिवाय स्वाऱ्या झाल्या, आणि...

किमया : गाळानं.

वैशाली : थांब किमया, मी सांगतेय ना.

किमया : नदीनं गाळ आणला. बंदर बुजलं. आई, खांब नको पाडूस. काका, हे निळं आहे ते बंदरच ना?

महिपती : व्हय.

किमया : मग मला ओली माती द्या. बोलता बोलता मीच भरत जाईन. आधी मोठी जहाजं बंद होतात. मग छोटी. मग दलदल, डास, ताप. खांब तेव्हा उभेच असतात.

वैशाली : अगं, पण आपण पाठ केलेलं सगळं...

महिपती : ताय, जरा गप. सांग गो, मंग माणसं कुठं गेली?