सिमिओनच्या शेताची हद्द

(रोमानिया, मार्च १९९१. नदीकाठचं सामुदायिक शेत, आता मूळ मालकांना परत वाटायला काढलेलं.)

साव्हेता : ...तर माझ्या थोरल्या बहिणीचं तुझ्या थोरल्या भावाशी लग्न झालं, ते साल सत्तावीस. मी सहा वर्षांची. बापाने, सिमिओनने, तिला वरची पट्टी दिली, नदीकडची आपल्याकडे ठेवली. हद्द इथे आहे. तुझ्या बुटाखाली, विर्जिल.

विर्जिल : ताई, इथे चाळीस वर्षं ट्रॅक्टर फिरलाय. बांध उरलाय कुठे?

साव्हेता : ट्रॅक्टर तूच फिरवायला लावलास. मुकादम होतास तेव्हा सगळं सगळ्यांचं. आता वाटप समितीत बसलास, तर नदीकाठ तुझा नि टेकडीवरची वाळू माझी?

कोरिना : आजी, मी मोजणी करणारी. खूण नसेल तर साखळी कुठून धरू?

साव्हेता : माझ्या टाळूवरून धर, पोरी. हद्द आखली त्या दिवशी बापाने मला इथे उभं केलं आणि केस असे ओढले की काजवे चमकले. पोरांना तसंच करायचे, म्हणजे जागा जन्मात विसरत नाहीत. याचेही ओढले, याच्या बापाने, पलीकडून. चड्डीत मुतला होता हा.

विर्जिल : ते लिहू नका, बाई.

कोरिना : म्हणजे ओढले होते?

विर्जिल : चार वर्षांचा होतो. आठवत नाही.

साव्हेता : बरं. हे गवतासकट ढेकूळ घेतलं डोक्यावर. जुनी माणसं शपथेला घ्यायची तसंच. खोटं चालले तर मेल्यावर ही माती मला पोटात घेणार नाही. बघ... इथून... त्या ओहोळापर्यंत. झालं. आता तू घे, आणि दुसरीकडून चालून दाखव.

विर्जिल : टोपी मळेल.

साव्हेता : काढून ठेव की.

कोरिना : ते मागे सरले, आजी. खुंटी ठोकते मी.

विर्जिल : ठोका. पण दप्तरात सिमिओनचा शेतीत सामील होण्याचा अर्जच नाही. ज्याने जमीन सामुदायिक शेतीला लिहून दिली, त्यालाच परत मिळते.

साव्हेता : सही करायला तीनदा बोलावलं, तीनदा नाही म्हणाला. म्हणून तर नेला त्याला. देणाऱ्याला परत, आणि ज्याच्याकडून हिसकावली त्याला नाही? हे कुठल्या कायद्यात लिहिलंय, ते दाखव मला. मी इथून हलत नाही.

कोरिना : कागदावर काय लिहू, आजी?

साव्हेता : लिही. शेतमालक सिमिओन. बावन्न साली, फेब्रुवारीत, कालवा खणायच्या सक्तमजुरीच्या छावणीत मेला. सही केली नव्हती.