पाहुण्यांनी वाखाणलेली पोर

किरगिझस्तानातल्या नारिन गावच्या दवाखान्यात रांगेतल्या पुढच्या दोघींचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून कानिमेतने खोकला दाबून धरला.

“उउलकान, शाळेत शिकवायला सहकुटुंब आलेले ते डच पाहुणे तुझ्याकडेच उतरलेत ना?”

“हो ताई. त्यांनी खोगीर वाखाणलं, सासऱ्यांनी देऊन टाकलं. गालिचा वाखाणला, तोही दिला.”

“पाहुण्याला आवडलं की द्यायचंच. घरंदाज माणूस!”

“परवा ती डच बाई त्यांना म्हणाली, तुमची नात बेगिमाय किती हुशार!”

“अगं बाई! सासरे?”

“मिशीत हसले.”

“मग गं?”

“काल मी पोरीला बाईसमोर सगळी गणितं चुकवायला लावली.”

“शहाणी आहेस. सुटलीस!”

“कसली सुटतेय! बाई म्हणाली, हिलाच मदतीची जास्त गरज आहे, आमच्या देशी सोबत नेऊ का?”

“आणि सासरे?”

“सकाळपासून पोरीचे बूट पुसत बसलेत.”