नाडीचं निमित्त

श्वास मोजणं सोपं वाटतं ना? आमच्या सुलीला विचारा. ही माझी नात. ॲम्ब्युलन्सवरचं काम शिकायला सापगावहून शहापूरला जायची. श्वास चुकीचे मोजले म्हणून परीक्षेत एकदा नापास झाली होती. सोमवारी पुन्हा परीक्षा होती आणि त्यातही नापास झाली असती तर घरीच बसायची पाळी आली असती. म्हणून सरावाला मी.

"आजा, मी तुझे श्वास मोजते. नेहमीसारखा घे."

आता मोजणार म्हटल्यावर नेहमीसारखा कसा घ्यायचा? एकदा मिनिटाला तीस भरले, एकदा नऊ.

"नऊ म्हणजे तू मरायला टेकलास," ती रडवेली होऊन म्हणाली.

"दमलोय गो. पण एवढा नाय."

रविवारी म्हणाली, "आज नुसती नाडी बघते." तिने मनगट धरलं. म्हातारी गेल्यापासून माझा हात कोणी एवढा वेळ धरला नव्हता. मी हात तसाच राहू दिला.

"सोळा," ती म्हणाली.

"नाडी सोळाच?"

"नाडी नाय, श्वास. बाईंनी काल शिकवलं. बोटं नाडीवर ठेवायची आणि लक्ष छातीवर. माणसाला सांगितलं की तो श्वास बदलतो."

सुली पास झाली. आता मुरबाडला गाडीवर असते. परवा ड्युटी करून आली आणि न जेवताच भिंतीला टेकून बसली. मी जवळ जाऊन तिचं मनगट धरलं.

"काय बघतोस, आजा?"

"नाडी," मी म्हटलं आणि तिचे श्वास मोजत राहिलो.