एका बटणावर चार सॉकेट

वारज्याच्या बसथांब्यावर वीसेक वर्षांपूर्वी ऐकलेला एका जुन्या वायरमनचा आवाज अजून कानात आहे. शेजारी आयटीत लागलेली त्याची लेक होती.

“एका बटणावर चार सॉकेट? कुणाला विचारून?”

“अण्णा, खालची बटणं बंद करायला आईचे गुडघे वाकत नाहीत. आता दारापाशी एकच बटण दाबायचं.”

“आणि फ्रिज?”

“तो वेगळा ठेवलाय. नाहीतर रोज दूध नासेल.”

“बटण न्यूट्रलवर नाही ना टाकलंस?”

“फेजवरच आहे, बंद केलं की सॉकेटात करंट राहत नाही. तुमचीच मुलगी आहे मी.”

“कॉम्प्युटरवाल्यांना काय कळतंय!”

“मग सकाळी बोर्ड उघडून तासभर काय बघत होतात?”

“चूक शोधत होतो.”

“सापडली?”

बस आली आणि गेली. दोघंही चढली नाहीत.

“नाही सापडली, दीपमाला. चाळीस वर्षं भिंतींत तारा पेरल्या, पण इतकं देखणं काम माझ्या हातून कधी झालं नाही.”