रंग आणायचे दिवस

(दादाची खोली. दुपार. कपाट सताड उघडं आहे.)

आई : ठेव ते खाली. होतं तिथे ठेव आधी.

बारकी : अगं, नुसती बघतेय.

आई : नुसतं बघायला कपाटाची किल्ली लागत नाही. माझ्या पर्समधून काढलीस ना? विचारायची पद्धतच गेली या घरातून.

बारकी : विचारलं असतं तर दिली असतीस?

आई : नसती दिली.

बारकी : मग?

आई : मग काय मग! वर्ष झालं दादाला जाऊन. वर्षभरात मी तुला एवढं एकच सांगितलंय, त्याच्या कपाटाला हात लावायचा नाही. बाकी तू केस काप, कान टोच, मी तोंडातून ब्र काढला नाही.

बारकी : केसांवरून आठवडाभर बोलत होतीस.

आई : विषय बदलू नकोस.

बारकी : आई, सोमवारी माझी चित्रकलेच्या वर्गाची प्रवेशपरीक्षा आहे. रंग आपापले न्यायचे असतात. माझ्या पेटीतला निळा संपलाय, पिवळ्यात सगळी घाण झालीये. आणि इथे कपाटभर रंग पडलेत. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही.

आई : पडलेत म्हणू नकोस. ठेवलेत. त्यानं हातानं रचून ठेवलेत. मी म्हणायचे, अरे काढ की एखादं चित्र, तर म्हणायचा, "बरा झालो की काढीन." माझ्या पोराची एवढी एकच हौस होती, रंग साठवायची. ती मोडायची का आपण?

बारकी : ही बाटली हलवून बघ.

आई : काय झालं तिला?

बारकी : हलव तर.

आई : वाजतंय काहीतरी.

बारकी : रंगाचा खडा झालाय आत. सील जसंच्या तसं आहे, आणि रंग वाळून गेला. पांढराही तसाच. हिरवा वाळायला आलाय.

आई : बंद बाटलीत कसा वाळेल?

बारकी : वाळतो. ठेवून ठेवून वाळतो.

आई : वाळू दे. वाळला तरी त्याचाच आहे. सरक, मला बसू दे. पाय दुखतायत, सकाळपासून सात पँटी आखूड केल्या. माणसं पँट घेताना पाय घरी ठेवून जातात की काय, देव जाणे.

बारकी : बस. अगं, जपून, उशीखाली पुस्तक आहे. तू वाचतेस हे?

आई : आण ते इकडे. खूण हलेल.

बारकी : खरंच वाचतेस?

आई : चौथं चाललंय. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मशीनवर कापड पसरायचं आणि खाली हे धरायचं. मालकीणबाईंना वाटतं, काज करतेय.

बारकी : तू तर म्हणायचीस, असली भुताटकीची पुस्तकं वाचून पोरगा आणखी आजारी पडेल.

आई : म्हणायचे. भूत तर कुठे भेटलं नाही अजून. भुतं बरी. पहिल्या पुस्तकात नुसतं उन्हात जायला परवाना लागतो. दुसऱ्यात पोरांना रांगेत उभं करून पाणी मोजून देतात. हे चौथं तर कहर आहे. गावातली सगळी मोठी माणसं एका सकाळी गायब, आणि सोळा वर्षांची पोरगी धान्याच्या कोठाराची राखण करतेय. रात्रीची झोप उडाली माझी. आणि मला एक सांग, यातल्या आया का गं जगत नाहीत? मी चारही पाहिली. आई बाराव्या-तेराव्या पानाच्या पुढे जातच नाही.

बारकी : आई असेल तर ती पोरांना घराबाहेर सोडेल का? "स्वेटर घातल्याशिवाय कुठे चाललीस" म्हणून दारातच अडवेल. मग गोष्ट कशी होणार?

आई : हसू नकोस. मी काहीतरी शोधतेय यात.

बारकी : काय?

आई : त्याला काय सापडायचं ते. शेवटी हातात पुस्तक पेलवेना, तर तुला वाचून दाखवायला लावायचा. मी बाहेरून ऐकायचे, माणसं मरतायत, शहरं जळतायत, आणि हा मधेच खुदकन हसायचा. आजारी पोरानं काहीतरी हसरं वाचावं की नाही? मी आणलेली हसरी पुस्तकं त्यानं उघडूनही पाहिली नाहीत.

बारकी : ती खोटी वाटायची त्याला.

आई : आणि ही खरी? उन्हाचा परवाना खरा?

बारकी : अगं, यात कोणी "काही नाही रे, होईल ठीक" म्हणत नाही. पहिल्याच पानावर सांगून मोकळे होतात, की परिस्थिती वाईट आहे. मग पोरं आपापली कामाला लागतात. कोण पाणी आणतं, कोण राखण करतं. मरायची भीती असतेच, पण ती सगळ्यांना एकदमच असते. दादा म्हणायचा, आपल्या घरापेक्षा तिथे बरं, तिथे लपवाछपवी नाही.

आई : असं म्हणायचा?

बारकी : चेष्टेत.

आई : आपल्या घरापेक्षा बरं?

बारकी : आई, चेष्टेत म्हणायचा गं.

आई : मी त्याच्यासाठी जिवाचं रान केलं. दर पंधरा दिवसांनी एकटी जाऊन रिपोर्ट आणायचे. तुझे बाबा तर फाटकापाशीच उभे राहायचे, आत यायची हिंमत नव्हती त्यांची. आणि मी घरी येताना तोंडावर हसू चिकटवून यायचे, पोराला कळू नये म्हणून. आणि त्याला ते घर नको होतं?

बारकी : तसं नाही म्हणत मी.

आई : जाऊ दे. तुझी परीक्षा आहे, तुला बोलून काय उपयोग. असं कर, हे आहे तसं लाव आत. मी संध्याकाळी जाऊन तुला नवे कोरे रंग आणते. हॉस्पिटलच्या कोपऱ्यावरचा तो दुकानदार आहे ना, ओळखतो मला. चांगली मोठी पेटीच आणते.

बारकी : नको.

आई : नको काय? तुला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून दे.

बारकी : नको म्हटलं ना! तू नको आणूस. तू रंग आणायचे नाहीत.

आई : अगं, ओरडतेस काय?

बारकी : मला भीती वाटते. तू रंगांचं खोकं घेऊन दारातून आत आलीस ना, तर मी पळून जाईन. खरंच सांगते.

आई : रंगांची कसली भीती? बारके, इकडे बघ. रडतेस का?

बारकी : त्याला कळायचं आई.

आई : काय कळायचं?

बारकी : रिपोर्ट. खोक्यावरून कळायचं. रिपोर्ट वाईट आला की तू रंग आणायचीस.

आई : काहीतरीच.

बारकी : बारा खडूंची पेटी आणलीस, तेव्हा रक्त पहिल्यांदा कमी आलं होतं. ट्यूब आणल्यास, तेव्हा औषध बदललं. त्या पेन्सिली, कोळशाच्या कांड्या, ते जाड कागद... मी क्रमानं सांगू शकते. त्यानं कपाटात क्रमानंच लावलेत. चप्पल न काढता थेट इथे यायचीस, "बघ तरी काय आणलंय!" आणि आवाज इतका मोठा, की शेजारच्यांनाही कळावं.

आई : मी आपलं... त्याचं मन रमावं म्हणून. हॉस्पिटलातून बाहेर पडले की समोरच ते दुकान. पाय घराकडे वळायचेच नाहीत. रिकाम्या हातानं त्याच्यासमोर उभी कशी राहू, असं व्हायचं.

बारकी : आणि रिपोर्ट चांगला असला की तू रिकाम्या हातानं यायचीस आणि आल्या आल्या तोंड सुरू. "हा काय पसारा, गोळी घेतली का, दूध तसंच कसं उरलं!" आम्ही दोघं इथे कान टवकारून बसायचो. तू ओरडलीस की दादा मला टाळी द्यायचा.

आई : मी ओरडले की टाळी?

बारकी : हो. मग आम्ही तासभर मजेत. तू आणखी चिडायचीस.

आई : अरे देवा. आणि मी त्याच्यावर ओरडले म्हणून देवासमोर कान धरायचे गं.

बारकी : पहिले खडू त्यानं काढले होते, आठवतं? एक बोट काढली होती. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा रंग आले आणि त्याच्या लक्षात आलं. त्यानंतर हात लावला नाही.

आई : पण मला का नाही म्हणाला? एका शब्दानं म्हणायचं, की आई, मला माहितीये. मी काय खाल्लं असतं त्याला?

बारकी : म्हणाला, ती एवढा आटापिटा करतेय, तर करू दे. तिच्याकडे दुसरं काय आहे.

आई : आणि "बरा झालो की काढीन"?

बारकी : तू मोठ्यानं बोलायचीस, तसं तोही बोलायचा.

आई : मी त्याच्याशी खोटं, तो माझ्याशी खोटं. आणि तू? तू सगळं ऐकत मधे बसलीस? तेरा वर्षांची होतीस तू.

बारकी : मला शपथ घातली होती. आणि मी तरी कोणाला सांगणार होते?

आई : आज का सांगितलंस मग? शपथ आजच मोडायची होती?

बारकी : तू परत त्या दुकानात निघालीस म्हणून.

आई : माझं डोकं फिरल्यासारखं झालंय. थांब. जरा थांब.

बारकी : पाणी आणू?

आई : नको, बस इथेच. एवढे सगळे ठेवले कशाला मग? फेकून द्यायचे. वाईट बातम्याच ना त्या.

बारकी : ते त्या पुस्तकांतलं. मला म्हणायचा, हे कोठार आहे. सगळं बुडाल्यावर जो मागे उरतो, त्याला सामान लागतं. म्हणायचा, बारके, हे तुझं रेशन. मी म्हणायचे, गप रे, मी काही उरबिर नाहीये. तर त्यानंही तुझ्यासारखीच पानं मोजलेली, म्हणायचा, उरावं लागेल, आईला पोचवायला कोणीतरी हवं ना तेराव्या पानापुढे.

आई : असं म्हणाला?

बारकी : हो. आणि हसला.

आई : माझं लेकरू गं. माझं लेकरू. किती एकटं पडलं असेल.

बारकी : मी होते ना.

आई : होतीस. होतीस गं बाई. कात्री कुठाय माझी? त्या पिशवीत बघ, बाजूच्या कप्प्यात.

बारकी : कशाला?

आई : दे तर. असं नखानं ओरबाडून निघत नाही ते प्लास्टिक. धर, या ट्यूब. यातला निळा दाबून बघ.

बारकी : येतोय. मऊ आहे.

आई : आणि पिवळा?

बारकी : पिवळाही.

आई : मग घेऊन जा सोमवारी. वाळलेले बाजूला काढ, ते टाकू आपण. मी टाकते, तू नको. आता ती खालची लाकडी पेटी.

बारकी : ती राहू दे आई. एवढे पुरतील मला.

आई : ती मी आणली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आता घरीच असू द्या, जे मागेल ते द्या. मी दुकानात गेले आणि म्हटलं, सगळ्यात मोठं काय आहे ते द्या. दोन्ही हातांत धरून आणली. तो केवढ्यानं "अरे वा!" म्हणाला. मला वाटलं, चला, एवढं तरी जमलं मला. वर्षभर मी त्या "अरे वा"वर जगलेय. खरं सांग आता. त्याला तेव्हाही कळलं होतं?

बारकी : सगळ्यात मोठी होती ना गं.

आई : रडला?

बारकी : नाही. तू स्वयंपाकघरात गेलीस. मग बराच वेळ त्यानं पेटीवर नुसता हात ठेवला होता. मग मला म्हणाला, आईला तिकडे एकटी सोडू नकोस. जा. काही विचारू नकोस तिला, नुसती जाऊन उभी राहा.

आई : म्हणून आली होतीस तू? मला वाटलं, तुला भूक लागली.

बारकी : हो. मला बघितल्याबरोबर तू दूध तापवायला लागलीस.

आई : हाताला काहीतरी काम मिळालं.

बारकी : मला भूक नव्हती गं.

आई : नव्हती काय? चांगली दोन पेले प्यायलीस.

बारकी : तू ओतत होतीस.