दोरी हातात धरायची

बाबा : बूट गेला.

मुलगी : बाबा, होडी उलटलीय.

बाबा : होडी तरंगतेय. बूट बुडाला.

मुलगी : लागलं नाही ना कुठे?

बाबा : पाण्यात काय लागणार? तू थोडं प्यायलीस, ते दिसलं मला.

मुलगी : आजची फेरी कशासाठी होती, आठवतंय ना? एकट्यानं होडी चालवता येते हे तुम्ही मला दाखवणार होतात. नाहीतर विकायची.

बाबा : दाखवून कुठं झालंय अजून? उलटलेली होडी सरळ करणं हाही चालवण्याचाच भाग आहे.

मुलगी : मग करा.

बाबा : करतोच. तळातून ही फळी बाहेर आलीय ना, तिच्यावर उभं राहायचं, होडीचा काठ धरायचा, मागे रेलायचं की...

मुलगी : बाबा?

बाबा : फळी निसरडी आहे.

मुलगी : तिसऱ्यांदा घसरलात.

बाबा : मोजत बसू नकोस. तूच चढ. वजन वाढलंय तुझं, कुठेतरी कामी येऊ दे.

मुलगी : आभारी आहे.

(बचाव पथकाची मोटरबोट जवळ येऊन थांबते.)

मोटरबोटवाला : काका, मदत हवीय?

बाबा : नको. गप्पा मारतोय आम्ही.

मोटरबोटवाला : मारा. मी आहे इथंच.

मुलगी : चढले. आता?

बाबा : रेल मागे. अजून रेल. आली! डोलकाठी आली वर, शीड आलं...

मोटरबोटवाला : गेली. पलीकडच्या अंगाला उलटली.

बाबा : दिसतंय आम्हाला.

मुलगी : असं कसं झालं? शीड मोकळं असेल तर त्यात वारा भरतच नाही.

बाबा : झोत आला जोराचा.

मुलगी : थांबा, आत हात घालून बघते... बाबा.

बाबा : काय?

मुलगी : शिडाची दोरी बांधलीय.

बाबा : अडकली असेल.

मुलगी : दोन वेढे आणि वर गाठ, अशी अडकते? मी पुढं तोंड करून बसले होते म्हणून दिसलं नाही.

बाबा : हं.

मुलगी : आठ वर्षांची असताना मी ही दोरी बांधली, तर महिनाभर मला होडीत घेतलं नव्हतंत. 'दोरी हातात धरायची. बांधलीस की होडी वाऱ्याची झाली, आपली राहिली नाही.'

बाबा : बरोबरच शिकवलं होतं.

मुलगी : उजवा हात दाखवा.

बाबा : पाण्याखाली आहे तो.

मुलगी : वर काढा. मूठ आवळा... पूर्ण आवळा.

बाबा : पूर्णच आहे ही.

मुलगी : कधीपासून?

बाबा : हिवाळ्यापासून. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग दाढी डाव्या हातानं करायला लागलो.

मुलगी : आईला माहितीय?

बाबा : दोन्ही हात चालवले की मेंदू तल्लख राहतो, असं सांगितलंय तिला. आता तीही डाव्या हातानं भाजी चिरते.

मुलगी : निदान मला तरी सांगायचं.

बाबा : घाबरलो गं. होडी जाईल याला नाही. तुझ्या नजरेत म्हातारा होईन, याला.

मुलगी : या गाठीचं काय करू? सुटत नाहीये.

बाबा : नाही सुटायची. डावा हात आणि दात लावून मारलीय. पंधरा दिवस सराव केला.

मुलगी : मग कशी सोडू?

बाबा : दातांनीच.

मोटरबोटवाला : काका, ताई दोरी का चावतायत?

बाबा : आमच्याकडे तशीच पद्धत आहे.

मुलगी : सुटली. चढतेय परत. सरका बाजूला.

बाबा : रेल... रेल... आता काठावरून आत पड!

मोटरबोटवाला : उभी राहिली हो!

मुलगी : डावा हात द्या, बाबा. या वर. या... बसा.

मोटरबोटवाला : किनाऱ्यापर्यंत ओढत नेऊ का?

मुलगी : नको. अर्धी फेरी राहिलीय.

बाबा : आणि मग? विकायची?

मुलगी : एकट्यानं न्यायची नाही, एवढंच. सुकाणू धरता येतं ना डाव्या हातानं?

बाबा : येतं.

मुलगी : मग तुम्ही सुकाणू धरा. शिडाची दोरी माझ्याकडे.

बाबा : बांधू नकोस हं.