दिगूनं आखलेली रेघ

मंडळी, बसा. मांग उभे आहात ते पुढं या. माह्या भावाले मारतानी पुढंच होते ना? मंग आता काऊन मांग उभे राहून राह्यले?

मी दिगांबरची मोठी बहीण. मले मुधोळले देलं, पण जन्म याच गावातला. आज त्याच्या तेरवीले बोलणं लय जड जाते. रडू येते म्हणून नाई, राग येते म्हणून. सरपंच म्हणाले, अक्का, दोन शब्द चांगले बोला. चांगले शब्द मी घरी बोलीन.

दिगू भैंसा गावच्या कापसाच्या जिनिंगमधी फिटर होता. तुमच्या विहिरीवरच्या मोटारी त्यानंच दुरुस्त केल्या. दारूले उभ्या जन्मात हात लावला नाई. गावात दारूबंदी ठरली तवा पहिला हात त्याचा वर गेला. अन् ही समोरची चुन्याची रेघ, हीही त्यानंच आखलीती. म्हणे, उगाच कोणाले झोडपू नका. संशय आला तं रेघेवर चालवा. सरळ चालला तं सोडून द्या.

त्या सांजी तो बसमधून उतरला. पाय इकडं टाकला तं तिकडं पडे. पापण्या खाली आलेल्या, जीभ जड. कोणीतरी थाळी वाजवली. थाळी वाजली का घरातून निंगायचं, हे आपलं ठरलेलं. तुमी निंगाले. त्याले रेघेवर उभा केला. तो म्हणे, "बापा हो, मले दोन रेघा दिसून राह्यल्या. कोणत्या रेघेवर चालू?"

तुमी हासले. हासले का नाई?

मंग खांबाले बांधला, बैलाच्या दाव्यानं. कापसाच्या पऱ्हाट्या तुटेपर्यंत मारलं. मंग चपला. मंग लाथा. माही भावजय मधात पडली तं तिले केसाले धरून ओढलं. ती बोंबलत होती, "तोंड हुंगा त्यायचं! एकडाव तोंड हुंगा!" कोणी हुंगलं? इतक्या गावात एकानं तरी हुंगलं?

आदिलाबादच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं त्याच्या डोळ्यापुढं बोट फिरवलं. बुबुळ हाललं नाई. गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडला नाई. त्या म्हणाल्या, मांग याले जुलाब झालते का? झालते. त्यायनं रक्त तपासाले पाठवलं. त्याच रात्री दिगू गेला. रक्ताचा निकाल आला तेरवीच्या तोंडावर.

बाईनं मले समजावून सांगतलं. जुलाबाच्या जंतूले मारायले रक्तात अँटीबॉडी तयार होते. ते अंगाचे राखणदार. पण जंतूवरची खूण अन् आपल्या नसांवरची खूण कधी कधी सारखी असते. राखणदार चुकते, आपल्याच नसांवर तुटून पडते. या आजाराचे प्रकार आहेत. एका जातीची अँटीबॉडी हातपाय लुळे करते. दिगूच्या रक्तातली दुसरी होती, डोळे अन् तोल नेणारी. असा माणूस नीट उभा राहू शकत नाई. त्यात डोळे मिटले तं पडतेच.

मी इचारलं, बाई, मंग तो आजारानं गेला का?

त्या म्हणाल्या, "नाही हो. या प्रकारातून बहुतेक माणसं बरी होतात. लाथेनं त्याची पोटातली प्लीहा फुटली."

आयकलं? त्याच्या रक्तातल्या राखणदारायनं त्याले जितं सोडलं असतं. तुमी नाई सोडलं.

काल काहीजण घरी आलते. म्हणे, अक्का, असा रोग असते हे आमाले काय माईत? खरं आहे. मलेही माईत नव्हतं. रोग माईत नसला तं गुन्हा नाई. पण दिगू तं माईत होता ना? तुमच्या अंगणात वाढलेला दिगू?

केस पोलिसाकडं आहे, त्याचं मी इथं बोलत नाई. मले एवढंच म्हणायचं आहे, ही रेघ पुसू नका. आज सकाळी एकजण बादली घेऊन आलता. मी ती बादली नालीत फेकली.

आता उठा. सगळे या रेघेवर या. बाया, माणसं, सगळे. ज्यायनं दावं बांधलं तेही या. डोळे मिटा. मी म्हणेपर्यंत उघडू नका अन् कोणी बोलू नका.

तुमच्यातलं कोणी पडणार नाई. तुमचा तोल शाबूत आहे.

दिगू, एकच रेघ आहे रे, बापा. अक्काचा राम राम घे.